सेल काढलेली डबी

ता. ३

ती. मामास,
सा. न. वि. वि. नमस्कार रागात घातलाय, तरी घेणे.

आई कळवते की तू शिवणाच्या खोलीत दारं लावून हुक्का ओढतोस आणि खोकल्यावर औषध म्हणून तिलाही नळी देतोस. वर म्हणतोस, तंबाखू कुठेय, पुदिना नि गुलाबपाकळ्या आहेत. मामा, जाळलेल्या पाकळ्यांचा धूरच होतो, अत्तर नाही. आणि वरचे निखारे? मी दिवसभर गॅसचे गिझर दुरुस्त करते. निखाऱ्याचा वायू बंद खोलीत माणसाला आडवा करतो आणि त्याला वासही नसतो. दुकानातली डबी पाठवतेय. तो वायू वाढला की बोंबलते. भिंतीला लाव.

लोभ आहे, पण आटलाय.
तुझी भाची

ता. ११

चि. वात्रट भाचीस, अ. आ.
डबी लावली. हुक्का पेटवून अर्धा तास झाला नाही तोच केकाटायला लागली. म्हटलं, ही तुझीच करामत. मागे माझ्या मशीनखाली रडणारी बाहुली ठेवलीस, गिऱ्हाईक पळालं, विसरलो नाही मी. सेल काढून टाकले. तुझी आई म्हणाली, पोरीचं ऐक. मी म्हटलं, पाल्याने कोणी मरत नाही.

खोड्या कमी, लोभ जास्त असू दे.
तुझा मामा

ता. १९

मामा,
नमस्कार नाही. दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. तू पुढे गिऱ्हाइकाचं माप घेत होतास आणि आई आत बंद दाराआड, निखाऱ्यांपाशी पडली होती. आज शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात तोच वायू भरला होता. पुदिना जाळला तरी तंबाखूसारखंच डांबर छातीत जातं, हेही म्हणाल्या.

बाहुली खोटी होती, डबी खरी होती. मी इतक्या खोड्या काढल्या नसत्या तर तू ऐकलं असतंस, याचा मला माझाही राग येतो. पण सेल मी नाही काढले.

लोभ मागू नकोस.

ता. २४

चि. भाचीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही. खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. हुक्क्याची नळी कापडाच्या कात्रीने कापली. तीस वर्षं त्या कात्रीला मी कागदसुद्धा लावू दिला नव्हता. आता धार गेली, जाऊ दे.

डबीत सेल घातलेत. यापुढे ती खोटी जरी ओरडली, तरी आधी तुझ्या आईचा हात धरून बाहेर पळेन, मग तुला शिव्या देईन.

लोभ नसला तरी पत्र असावं.
मामा