आजोबांच्या गालातली लवंग

कोलकाता, ३ नोव्हेंबर २०२४

ती. श्यामलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि. (हे आजोबांनी लिहायला लावलं.)

तुझा फोन आला की माझ्या तोंडून नुसतं हं निघतं, म्हणून लिहितेय. आजोबांची किडनी काढली त्याला वर्ष झालं, म्हणून रक्त तपासलं. त्यात सीआरपी वाढलाय. अंगात कुठे सूज असली की तो वाढतो म्हणे. आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये तो वाढला तर दुखणं उलटायची भीती जास्त, असं डॉक्टर म्हणाले. परत तपासणार, मग स्कॅन. आईबाबा माझ्यासमोर हळू आवाजात बोलतात. मी शाळा सोडल्यापासून आजोबांना दवाखान्यात मीच नेते.

आजोबा मात्र मजेत. श्यामला आता धावत येईल बघ, असं दोनदा म्हणाले. मुडी, म्हणजे इथले मुरमुरे, चहात भिजवून खातात आणि सारखी गालात लवंग. विचारलं तर म्हणे नवाबी सवय लावून घेतलीय.

तुझी फोनवरची मुकी,
वैदेही


पुणे, ११ नोव्हेंबर २०२४

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तिकीट काढलंय, तीस तारखेला हावड्याला उतरते.

पण त्या लवंगेपाशी अडले. माझ्या बापाला कसली नवाबी सवय? दाढ दुखत असणार. माझ्या लग्नात गाल सुजला होता, तर सगळ्या फोटोंत एकच बाजू दाखवून उभे आहेत. खिदिरपूरला कस्टममध्ये जन्मभर लोकांच्या पेट्या उघडल्या, पण स्वतःचं तोंड कुणापुढे उघडायचे नाहीत. दाढेमुळेही तो आकडा चढतो का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचार. दुकानात सुटे मागायचीही तुला लाज वाटते, माहितेय. पण बाळा, हे तुलाच विचारावं लागेल.

तुझ्या हं वरही जीव असलेली,
आत्या


कोलकाता, २१ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (या वेळी आपणहून.)

विचारलं. आधी डॉक्टरांनीच आजोबांना विचारलं, कुठे दुखतं का. ते म्हणाले, छे. मग मी बंगालीत म्हटलं की यांची दाढ दुखतेय, तोंड उघडायला सांगा. आवाज इतका बारीक निघाला की परत सांगावं लागलं. आजोबांनी असं बघितलं, जसा काही मी त्यांचा चोरटा माल पकडून दिला.

दाढेखाली पू झाला होता. काढली. आकडा पुष्कळ उतरलाय. डॉक्टर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, पण नुसत्या आकड्यावरून पक्कं सांगता येत नाही. स्कॅन दोन डिसेंबरला आहेच. तोवर रोज दिवस मोजतेय, खोटं कशाला सांगू.

टॅक्सीत मी विचारलं, लपवलंत का. त्यांनी आधी टॅक्सीवाल्याला एस्प्लनेडवरून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, दाढेसाठी पुण्याहून कोण येतं?

तेव्हा आत्या, तिकीट रद्द करू नकोस. त्यांच्या तोंडात अजून बरेच दात आहेत.

हावड्याला घ्यायला मी येईन. तिथे हं च्या पुढे बोलेन, तेवढी माया ठेव.

तुझी,
वैदेही