कोड लावणाऱ्याचं ऑपरेशन

सोलापूर
सकाळची पूजा आटोपल्यावर

तीर्थस्वरूप श्रीमंत दाजी आणि ईरम्मा अक्का यांना धाकट्या मल्लिनाथचं शरणार्थ.

तुमची तब्येत, अक्काचे गुडघे, मैंदर्गीचा पाऊस आणि नव्या म्हशीचा स्वभाव, सगळं ठीक असावं अशी सिद्धेश्वराजवळ प्रार्थना. (तुमच्या पित्ताशयातल्या खड्याची चौकशी मुद्दाम करत नाही. फोनवर त्याचं नाव काढलं की तुमच्या मोबाईलची रेंज जाते.) माझी प्रकृती उत्तम आहे. हसायचं नाही आणि जोरात खोकायचं नाही एवढंच पथ्य आहे, म्हणून हे पत्र मी फार गंभीर चेहऱ्यानं लिहितो आहे. तुम्ही ते पथ्य पाळायला पाहिजे असं नाही.

मागच्या पंधरवड्यातल्या सोमवारी सकाळी मी आमच्या हॉस्पिटलात एका हरवलेल्या पेशंटला शोधत होतो. थिएटरमधून आमच्या विमा विभागात फोन आला, की हर्नियाचा पहिला पेशंट कॉटवर नाही, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत, जरा बघा. मी "बघतो" म्हणून उठलो. वॉर्ड बघितला, एक्स-रेची रांग बघितली, कँटीनमध्ये डोकावलो. वॉचमननं विचारलं, माणूस दिसतो कसा? त्याला मी नीट वर्णन दिलं : पन्नाशीला आलेला, कपाळाला विभूती, चेहऱ्यावरून सज्जन. (तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.) जिन्यात तुमच्या मेहुण्याची बायको, म्हणजे आमची काशम्मा, पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अवो, कपडे बदलून पडा म्हणलं तर हितं काय फिरायलाव?" मी म्हणालो, पेशंट सापडत नाही. दाजी, तो पेशंट मीच होतो.

हे असं का झालं, ते सांगायच्या आधी मी तिथं नेमकं काय करतो ते सांगितलं पाहिजे. दर जत्रेला तुम्ही ते विचारता आणि मी उत्तर देईपर्यंत जेवायला बसता. प्रत्येक ऑपरेशनला आणि प्रत्येक तपासणीला एक कोड असतो. डॉक्टरांनी काय केलं ते वाचून मी तो लावतो. बरोबर लागला तर विमा कंपनी मान डोलावते. चुकला तर बरा झालेला पेशंट घरचे कपडे घालून संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून राहतो आणि त्याचे नातेवाईक माझ्याकडे, मीच पोट फाडल्यासारखे बघतात. आता या कामात उत्कर्षा नावाची एक मुलगी माझ्या हाताखाली आली आहे. तिला मी पहिल्या दिवशीच सांगितलं, की ठरलं होतं ते लिहायचं नाही, झालं ते लिहायचं. दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून करावं लागलं, तर उघडून केल्याचाच कोड. पोट उघडल्याचा आणि शिवल्याचा वेगळा कोड लावायचा नाही, तो ऑपरेशनातच आला. (अक्का भाकरी वाढते तेव्हा थापल्याचं वेगळं आणि भाजल्याचं वेगळं सांगते का?) नुसतं बघायला म्हणून दुर्बीण घातली आणि त्याच बैठकीत दुरुस्ती केली, तर बघणं त्या दुरुस्तीत जमा. आपल्याकडे मुलगी बघायला गेलेले पाहुणे सुपारी फोडूनच परत आले, तर गावात कुणी "बघून आले" म्हणत नाही, "ठरवून आले" म्हणतं. तसंच हे. आणि बाजू लिहिल्याशिवाय कागद पुढे सोडायचा नाही. उजवी म्हणजे पेशंटची उजवी, समोर उभ्या असलेल्या माणसाची नव्हे. आपल्या शाळेत गुरुजी समोर तोंड करून कवायत शिकवायचे आणि अख्खा वर्ग उलटा हात वर करायचा, तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात पक्की आहे.

एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाच्या जांघेत गाठ आली, तेव्हा त्यानं ती कमरेच्या पट्ट्याखाली दाबून ठेवली. दुसऱ्याच्या हर्नियाला मी डोळे मिटून कोड लावीन, पण स्वतःच्या हर्नियाला गॅस म्हणत होतो. शेवटी डॉक्टरांनी जिन्यातच मला अडवून सांगितलं, की आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री धावपळ होईल आणि मग तुम्ही काय म्हणाल ते कोणी ऐकत बसणार नाही. तारीख ठरली, आणि मी ती मोडली. पहिल्यांदा पावसाचं कारण दिलं, दुसऱ्यांदा हिशेबवर्षाअखेरीचं. तिसऱ्या वेळी कारणं संपली होती. म्हणून त्या सोमवारी काशम्माला "कागद बघून येतो" सांगितलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन दुसऱ्यांच्या मोतीबिंदूंना कोड लावत बसलो.

मला शोधून काढलं ते प्रभा सिस्टरनी. (यांचे केस आमच्या थिएटरात पांढरे झाले आहेत. डॉक्टरही त्यांना विचारून शिंकतात.) मी फिरून परत खुर्चीत बसलो तोच त्या आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सापडला का पेशंट?" मी हातातला मोतीबिंदूचा कागद खाली ठेवला. तोवर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला आत घेतलं होतं. ऑपरेशन रद्द झालं म्हणजे त्याचीही नोंद आलीच, आणि ती नोंद उत्कर्षाकडे आली. ती पोरगी अगदी सरळपणे म्हणाली, "काका, कारण काय लावू? पेशंटनं नुसता नकार दिला लावू, का श्रद्धेच्या कारणानं नकार दिला लावू? दोन्हीचे कोड वेगळे आहेत, तुम्हीच शिकवलंय."

दाजी, बायकोला, डॉक्टरांना, तुम्हाला काहीही सांगता येतं, पण चुकीचा कोड माझ्या हातून लागत नाही. मी म्हणालो, श्रद्धेचं लाव.

मग बोलावं लागलं. थिएटरात जाताना अंगावरचं सगळं उतरवून घेतात. दीक्षा झाली त्या दिवसापासून गळ्यातलं इष्टलिंग मी एक क्षणही अंगावेगळं केलेलं नाही. नदीत उतरताना नाही, टायफॉइडच्या तापात नाही. आता एका ट्रेमध्ये घड्याळाशेजारी ते काढून ठेवायचं आणि आपण बेशुद्ध पडायचं, हे मनाला पटत नव्हतं. आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती, कारण विचारलं आणि "काढावंच लागेल" असं उत्तर आलं तर पुढे काय? म्हणून विचारलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नावर मी अख्खं वर्ष काढलं.

सगळं ऐकून प्रभा सिस्टर म्हणाल्या, "एवढंच व्हय? आदी बोलायचं न्हाय व्हय मल्लिनाथ! रोज पूजेला कुटं घेताव?" मी म्हणालो, डाव्या तळहातावर. "मग तितंच बांधू की. चांदीची डबी तेवढी घरी जाऊ द्या, मशीनला धातू चालत न्हाय. देव मुठीत बसत न्हाय म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिंग स्वच्छ वस्त्रात गुंडाळून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटवली आणि वरून पांढरी पट्टी बांधली. अशा अनेकांच्या मुठी त्यांनी बांधल्या आहेत, हे तेव्हा कळलं. आत भूलतज्ज्ञांनी बोटाला चिमटा लावायला डावा हात मागितला. मी उजवा पुढे केला. कमरेखाली बधिर केलेलं होतं आणि वर मी जागा होतो, हीच त्यांची चूक झाली. कारण मी पडल्या पडल्या सांगत होतो, की साहेब, बाजू लिहा, माझी उजवी, तुमची नव्हे. आणि जाळी बसवली तर तसं लिहा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज तुम्ही पेशंट आहात. पडून राहा की जरा." मग मी डोळे मिटले. मुठीत दगडाचा तो ओळखीचा भार होता. इतकी वर्षं पूजा केली, पण इतका वेळ सलग हातात धरून बसायचं भाग्य कधी मिळालं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा काशम्मानं आधी माझ्या पोटाकडे नाही, मुठीकडे बघितलं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

आता बरा आहे. पट्टा फेकून दिला. कोड उत्कर्षानं लावला, बाजूसकट बरोबर.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमचा
मल्लिनाथ

ता. क. वरचं पत्र निव्वळ खुशालीचं आहे, असं समजू नये. तुम्ही कधी तुरीची रास सांगता, कधी वीज सांगता, कधी म्हशीचं वेत सांगता. पण दवाखाना म्हटलं की तुमचा हात गळ्याकडे जातो, हे मागच्या जत्रेत मी बघितलं. त्या खड्यानं अक्काला किती वेळा रडवलं, तेही मला ठाऊक आहे. प्रभा सिस्टरना तुमचं सांगून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. अक्कानं आज सकाळपासून तुम्हाला चहासुद्धा का दिला नाही, ते आता कळलं असेल. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी यावं लागतं. तिच्यावर रागावू नये, फोन मी केला होता.

ता. क. तिसरा. पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. हे तुमच्या हातात देणारा ज्ञानू आमच्या गल्लीतला आहे आणि दाराशी उभी असलेली पांढरी गाडी त्याचीच. तुम्हाला आणायची गाडी पाठवू की नको, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. काल पाठवायचं ठरवलं, आज पाठवली. अक्का मागच्या सीटवर जाऊन बसली असेल. तुम्ही पुढं बसा.