आठवी जागा

हिगाशी-कसाई, टोकियो, जून २०१३

प्रिय आई,

परवा फोनवर पुन्हा तेच म्हणालीस, की चांगली ऑफिसातली नोकरी सोडून माईकवर ओरडायचं हे कसलं काम, तू एकटी तिथे, मी एकटी इथे, त्यापेक्षा परत ये. रडू येईल म्हणून मी फोन ठेवला. आता लिहितेय. पूर्ण वाच, मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस.

स्क्वेअर डान्सची कॉलर म्हणजे काय, ते एकदाचं ऐक. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात. पुढची चाल कुठली हे त्यांना ठाऊक नसतं. ती मी ऐन वेळी ठेक्यावर इंग्रजीत सांगते. कितीही गुंता झाला तरी शेवटी प्रत्येकाला आपापल्या जोडीदारापाशी आणून सोडायचं, ही माझी जबाबदारी. अगं, मंगळागौरीला तू हेच तर करायचीस! पदर खोचून फुगडीतून झिम्मा, झिम्म्यातून पिंगा अशी हाळी द्यायचीस आणि अख्खं मंडळ तुझ्या आवाजावर फिरायचं. तुझाच घसा आलाय माझ्याकडे, मग नावं कशाला ठेवतेस? टोकियोतले क्लब आता मला आधीपासून बुक करून ठेवतात. हे काम मी सोडणार नाही, तो विषय संपला.

महिन्यातला एक रविवार मी उत्तरेला मियागी प्रांतात जाते. त्सुनामीत घरं गेलेली माणसं तिथे अजून तात्पुरत्या घरांत राहतात. त्यांचा जुना क्लब आता तिथल्या हॉलमध्ये नाचतो. उरलीत सातच माणसं. पहिल्या दिवशी मी एका स्वयंसेवकाला आठवा म्हणून उभं केलं, तर हिरोसे-सान नावाच्या आजी वाकून नको म्हणाल्या. ती जागा त्यांच्या नवऱ्याची. लाटेनं नेलं त्यांना. माणूस कमी असेल तर तो आहे असं धरून नाचायची या नाचात रीतच आहे. आजी रिकाम्या जागेपुढे हात करतात, वळतात, पुढे जातात. माझी हाळी चुकली गं, त्यांचं पाऊल नाही चुकलं.

बाबा गेल्यावर गेल्या श्रावणात तुला मंगळागौरीचं बोलावणं आलं नाही. आता माझं तिथे काय काम, असं किती सहज बोललीस तू! फार राग आला मला. मंडळाचा आला, त्याहून तुझा.

गेल्या रविवारी चहा घेताना मी हे हिरोसे-सानना सांगितलं. मोडक्यातोडक्या जपानीत मंगळागौर समजावताना घाम फुटला. त्यांनी कप खाली ठेवला. मग उठल्या, चौकोनातल्या त्या जागेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, आईंना घेऊन या, इथे उभ्या राहतील. दोन वर्षांत त्यांनी ती जागा कुणाला दिलेली नाही, आई. तेव्हा पुढच्या महिन्यात मी तुला न्यायला येतेय. व्हिसाचे कागद शेजारचा प्रसन्नदादा आणून देईल, मुकाट्यानं सह्या कर. साडीच नेस, पदर खोचता येईल. आणि नाही म्हणू नकोस, मी आजींना हो सांगून बसलेय.

तुझीच, तुझ्याइतकीच हट्टी,
उल्का