एका शेगडीचा संसार

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखून लगेच चुरगाळू नकोस. खोका तुझ्या व्हॅनच्या मागच्या चाकापाशी ठेवलाय आणि हे पत्र वायपरखाली. माझ्या हाती आजची दुपारच आहे आणि तुझं उत्तर मला आजच हवंय. पण प्रश्न विचारायला तोंड कुठे आहे मला? म्हणून आधी खोक्यातल्या सामानाबद्दल लिहिते. तेवढं तरी मला धड येतं.

डाळ-तांदूळ धुऊन, वाळवून, मीठ-हळद-जिरं घालून एका वेळेला एक अशा पिशव्या बांधल्यात. एक पिशवी, चार पेले पाणी. उकळी आली की दहा मिनिटं ठेव, गॅस बंद कर आणि पातेलं झाकणासकट जाड टॉवेलात गुंडाळून तासभर विसरून जा. आपोआप शिजतं, गॅस निम्मा लागतो. अंडी फोडून बाटलीत भरलीत, खोक्यात फुटून राडा नको म्हणून. ती बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलीत, आजच संपव. उकडलेले बटाटे त्यानंतर. भांडी आधी कागदानं पुसायची, मग पाणी लावायचं. रस्ता मोजणाऱ्या तुकडीबरोबर नऊ वर्षं तंबूत रांधलंय मी, वीस माणसांची भांडी एका बादलीत धुऊन काढलीत. आणि हे नीट ऐक: शेगडी गाडीच्या आत पेटवायची नाही. पाऊस असो, थंडी असो, कंटाळा आलेला असो, नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा पाव खाऊन झोप. आणि झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेव. तुझ्या श्वासाची काळजी मला आता इथूनच करावी लागते.

तू म्हणशील, सहलीला निघालेल्या पोरीला द्यावी तशी यादी काय देतेय ही बाई. खरंय तुझं. कोपऱ्यावरची शिंपीण रोज विचारते, पोरगी कुठवर पोचली? मी तोंड भरून सांगते, आज डोंगरात, उद्या समुद्रावर. तिला एवढा हेवा वाटतो की परवा तिनं नवऱ्याकडे तंबूच मागितला म्हणे. अशा थापा मारण्यात मी तुझ्या मावशीच्याही वरताण निघाले.

तीन आठवड्यांपूर्वी चादरी घेऊन या लॉन्ड्रीत आले होते. मागच्या पार्किंगमध्ये तुझी व्हॅन दिसली. तू पायरीवर बसून बाटलीतल्या पाण्यानं दात घासत होतीस. केस किती वाढलेत तुझे! मी कचऱ्याच्या डब्यांआड उभी राहिले. तू फोन काढलास, काहीतरी लिहिलंस आणि माझ्या पिशवीतला फोन थरथरला. 'समोर डोंगर आहे, मजेत आहे.' समोर लॉन्ड्रीची भिंत होती गं, पोपडे सुटलेली. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. 'छान, जपून राहा' असं लिहिलं आणि ओल्या चादरी घेऊन घरी गेले. त्यानंतर एक घास गोड लागलेला नाही मला.

त्या दिवसाचं लिहायलाच हवं. बाबांनी माझ्यावर हात उगारला आणि तू मध्ये उभी राहिलीस. आईला पुन्हा हात लावलात तर बघा, एवढंच म्हणालीस. ते म्हणाले, चालती हो. तू गेलीस, आणि दाराची कडी लाव असं ते म्हणाल्यावर कडी कोणी लावली? मी. माझी बाजू घेतलीस म्हणून तुला बाहेर काढलं आणि माझ्याच हातानं. त्यांनी धमकावलं वगैरे काही नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सगळं निवळेल. कॅम्पवर माणसं भांडून तरातरा निघून जायची, पण मी पातेल्यावर पळी वाजवली की झक मारत परत यायची. भुकेपुढे कोणाचा राग टिकत नाही असं मी धरून चालले होते. त्या संध्याकाळी तुझं पान वाढलं, स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि पातेलं वाजवलं. कितीतरी वेळ वाजवत होते. बाबा म्हणाले, बंद कर ते, तेव्हा बंद केलं. आपली लेक जेवणाच्या हाकेला येणाऱ्यांतली नाही, हे पंचवीस वर्षं तुला वाढवून मला कळलं नव्हतं. तुझं चुकलं नाही, भिंगरी. तसूभरही नाही.

आता खरं कारण. तुला घरी बोलवायला हे पत्र लिहिलेलं नाही. त्या घरात तू पाऊल टाकू नयेस असंच मला वाटतं. आज सकाळी बाबा कामावर गेले, मी दार ओढून घेतलं आणि किल्ली फटीतून आत सरकवली. हातात एक पिशवी आहे, डाव्या मनगटाला पट्टी आहे, ती कोणामुळे आहे हे तुला सांगायला नको. मी लॉन्ड्रीत खिडकीजवळच्या बाकावर बसलेय, तू वाचताना मला दिसशील. ते पाचला घरी येतात, साडेपाचला शोधायला निघतील. त्या व्हॅनमध्ये माझ्यापुरती जागा असेल का गं? खाली झोपेन, स्वयंपाक करीन, गप्प बसायला सांगितलंस तर गप्प बसेन. तू तशीच निघून गेलीस तरी तुला बोल लावणार नाही, तेवढा हक्क तुझा आहेच. पण मला परत जायला घर नाही, पोरी. मला घेऊन चल.

तुझीच, तुझ्यामागे उभं राहायला उशीर झालेली,
आई