डाव्या सीटखालचं ठिगळ

शनिवार, १४ नोव्हेंबर
दुपार

चि. ठोंब्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. बाबा आणि मी, दोघं बरे आहोत. तू सिगरेट सोडलीस म्हणालास, ते खरं धरून चालते. जेवण वेळेवर करत जा.

इकडे थंडी पडायला लागलीय. गॅरेजातल्या आपल्या मॅडमला सकाळी चालू करताना चोक पूर्ण ओढावा लागतो, तरी आधी शिंका देते आणि मग कुठे बोलायला लागते. हल्लीच मी तिचे दोन्ही कार्बोरेटर जुळवले, बाबा करायचे तसेच. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग त्याच्या, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. बाबांचं हे काम चहा गार व्हायच्या आत व्हायचं, माझी अख्खी सकाळ गेली. तेल अजून गळतंच. आई म्हणायची ना, या विलायती बाईला एकदा लंगोट बांधा म्हणून, ते आता करायला हवं.

बाबांना ठेवायचं म्हणून तू पाठवलेले त्या संस्थेचे कागद टेबलावर तसेच पडलेत. सही करायला मी टाळाटाळ करतेय असं तुला वाटतं. करतेच आहे. का, ते आज लिहायला बसलेय, आणि बघ, कार्बोरेटरवरच एवढं लिहून झालं.

बाबा विसरतात, हे मी नाकारत नाही. परवा दूध उतू जाऊन भांडं काळं झालं आणि ते शेजारीच बसून होते. समोरच्या शिंपिणीचं नाव त्यांना येत नाही; ती हसते म्हणून तेही हसतात. पण डॉक्टरांनी मान हलवली ती या गोष्टींवर नाही. ‘ही माझी गाडी नव्हे,’ हे बाबांचं पालुपद ऐकून हलवली. तूही फोनवर तेच म्हणालास, ‘ताई, ज्या माणसाला स्वतःची गाडी ओळखता येत नाही, तो उद्या तुला तरी ओळखेल का?’ मला ते पटलं होतं. पटलं म्हणूनच फोन ठेवल्यावर मी रडले.

त्यानंतर एकदा बाबांना गॅरेजमध्ये घेऊन गेले. त्यांनी दार उघडून लावलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘हा आवाज माझ्या दाराचा नाही. आणि माझ्या गाडीत डाव्या सीटखाली तळाला ठिगळ होतं. मीच मारलेलं.’

मी म्हटलं, ‘बाबा, अहो तीच आहे. पाटीवरचा नंबर तरी वाचा.’

बॉनेट उघडून आतली सांगाड्याच्या नंबराची पाटी दाखवली. तो नंबर त्यांनी आपल्या दोघांकडून पाढ्यांच्या जोडीनं पाठ करून घेतला होता. बाबांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचला.

‘नंबर तर तोच आहे. म्हणजे माझंच डोकं गेलं म्हणायचं,’ असं म्हणाले आणि घरात निघून गेले.

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. नुसतं गाडीचं असतं तर एक वेळ चाललं असतं रे. आता घास तोंडात असतो आणि मला विचारतात, ‘मीठ बरोबर आहे का गं?’ केसांतून पाणी गळत असतं आणि विचारतात, ‘माझी अंघोळ झाली का?’ मी सांगेन ते खरं. आपले बाबा, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, ते आता ‘तू म्हणतेस तर असेल’ म्हणतात. त्यांचा माझ्यावर चिडायचा आवाज ऐकायला मी किती आसुसलेय, तुला काय सांगू.

म्हणून मंगळवारी मी त्यांना खोटं पाडायचं ठरवलं. म्हटलं, ठिगळ डोळ्यांनी दाखवलं की निदान गाडी आपली आहे एवढं तरी पटेल. डावी सीट काढली, खालचा गालिचा उचलला. ठिगळ नव्हतं. पत्रा एकसंध होता.

मग मी सांगाड्यावरचा गंज खरवडायला घेतला. पाटीचं काय, दोन रिव्हेट उडवले की ती निघते आणि दुसऱ्या गाडीवर बसते. तोच नंबर सांगाड्यावरही ठोकलेला असतो, तो मात्र निघत नाही, हेही बाबांनीच शिकवलेलं. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर आकडे वर आले. तो नंबर आपला नव्हता. पाटीचे रिव्हेट पाहिले, तर तेही मूळचे भरीव नव्हेत, कुठल्याही दुकानात मिळतात तसले पोकळ.

तिथून उठले ती तडक पत्राकाकांकडे गेले. आपल्या गाडीची ठोकाठोकी आणि रंग सगळं त्यांच्याकडेच व्हायचं, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारणार? हात थरथरतात म्हणून त्यांनी आता काम सोडलंय. आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग म्हणाले, ‘पोर रडत आलं होतं गं. तुझे बाबा कामासाठी बाहेरगावी, आणि यानं गाडी पुलाच्या कठड्यावर घातलेली. सांगाडाच वाकला होता, सरळ होण्यातला नव्हता. बाबा मला कधी माफ करणार नाहीत म्हणून पाय धरले माझे. तसल्याच बनावटीची एक भंगारात पडली होती. हिचं इंजिन, चाकं, सीटा, पाटी, सगळं तिच्यात घातलं आणि तोच हिरवा रंग मारला.’

बाबा परत आले तो दिवस मला आठवतो. त्यांनी दार दोनदा लावून पाहिलं होतं. तू म्हणालास, बिजागऱ्या बदलल्या. ते ‘बरं’ म्हणाले. इतकी वर्षं तुझ्या शब्दाखातर त्यांनी तो आवाज गिळला असणार. आता वयामुळे गिळणं जमत नाही, एवढंच.

गाडीचं मला काही नाही. कोवळं पोर घाबरलं आणि त्यानं लपवलं. तुझ्या जागी मीही लपवलं असतं. पण फोनवरचं ते वाक्य, ठोंब्या? बाबांचं बरोबर आहे हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तूच ते त्यांच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून पुढे केलंस. मला तुझी भयंकर चीड आलीय. सभ्य शब्दांत लिहावं म्हणून दोन पत्रं फाडली, हे तिसरं.

तू येऊन स्वतःच्या तोंडानं सांगावंस, तोवर आपण गप्प बसावं, असं मी ठरवलं होतं. पण आज सकाळी चहाचा कप हातात धरून त्यांनी विचारलं, ‘हा माझाच ना गं?’ मला राहवलं नाही. म्हटलं, ‘बाबा, तुमचं बरोबर होतं. ती तुमची गाडी नाही.’ आणि मग पूल, कठडा, पत्राकाका, पाटी, सगळं सांगून टाकलं.

वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. निदान ‘मी म्हणत नव्हतो?’ एवढं तरी म्हणतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, ‘कठड्यावर घातली? त्याला लागलं होतं का?’

मी म्हटलं, माहीत नाही.

‘त्या गाडीला सीटचे पट्टे नव्हते. स्टिअरिंग सरळ छातीत बसतं. डॉक्टरकडे नेलं होतं का कुणी त्याला?’

‘घरात कुणाला माहीतच नव्हतं, बाबा.’

तेव्हा ते रडले. म्हणाले, ‘पोराला दुखत असेल, आणि मी आपला दार वाजवून बघत होतो.’

कागद सही न करता सोबत परत पाठवतेय. बाबा पुढे मलाही विसरतील, ते मी बघून घेईन. पण तुला लागलं होतं का, हे सकाळपासून ते पुन्हा पुन्हा विचारतायत. पत्रानं कळवू नकोस, फोनवरही सांगू नकोस. हा प्रश्न ते विसरायच्या आत ये.

अजून चिडलेली, पण तुझीच,
ताई