सुटलेल्या हाका

२ डिसेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा लिंबारवाडीत. बार्शीहून निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी हाणेपर्यंत तो निघाला, आणि सिरसाळ्याहून आत वळल्यावर रस्त्याने गाडीचं आणि माझं जे काही केलं ते लिहिण्यासारखं नाही. मागे बांधलेला स्पीकर शाबूत आहे, माणूस जरा खिळखिळा झालाय.

शाळेच्या दारातच पोरांनी घेरलं. गाडीवरून न उतरताच मी घाटात चढणाऱ्या एसटीचा आवाज काढला, मग कंडक्टरची घंटी, मग सीटवरून भांडणाऱ्या दोन बाया. पोरं लोळायची बाकी राहिली. पाच मिनिटांत माझा बद्रीकाका झाला. चौदा वर्षं शाळाशाळांतून नकलांचे खेळ करतोय, पण अजून हे बारसं झालं की छाती फुगते.

गाव निम्मं रिकामं आहे. दिवाळी आटोपली की इथली जोडपी ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली लेकरं शाळेतल्याच दोन खोल्यांत राहतात. हंगामी वसतिगृह म्हणायचं त्याला. त्यांचं मन रमावं म्हणून वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने मला महिनाभर इथेच मुक्काम दिलाय. एरवी माझं एका गावात एक खेळ, एक चहा आणि पुढचा रस्ता. त्यामुळे महिनाभर तेच प्रेक्षक म्हणजे परीक्षाच आहे. मुख्याध्यापक शिवशंकर सर अंबाजोगाईचे, याच वर्षी बदलून आलेत. स्वयंपाक बायनाबाईंकडे. त्यांच्या हातचं पिठलं खाल्लं आणि परीक्षा द्यायची तयारी झाली.

४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवसांत प्राणी संपले, पक्षी संपले, गाड्या संपल्या. आता पोरंच फर्माईश करतात. सरांचं शिंकणं काढलं, सर स्वतः हसले.

एकटी करिष्मा हसत नाही. पहिलीतली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसणारी. न हसणारं पोर म्हणजे माझ्यासाठी गळता नळ, सगळं लक्ष तिकडेच. आज तिच्यासाठी शेळीचं अख्खं कुटुंब उभं केलं. तिने शांतपणे विचारलं की काका, तुम्हाला माणसांचे आवाज येतात का. येतात म्हटलं. ती परत गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली.

शाळेच्या मागची भिंत पडकी आहे, तिथून लगेच ज्वारी सुरू होते. माझ्या खांद्याला लागते, पोरं तर आत बुडतील. वारा सुटला की छान सळसळते. ती सळसळ शिकून घ्यायला हवी.

६ डिसेंबर, शुक्रवार

आजच्यासारखा खेळ आयुष्यात झाला नाही.

बायनाबाई बाजाराला गेल्या होत्या, सर खोलीत कागद भरत होते. मी पोरांना गोलात बसवलं आणि विचारलं, तुमची माय तुम्हाला कशी हाक मारते? सगळी एकदम गप्प झाली. एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, लाजतायत. मग करिष्मा उठली, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "चिंगे, ये गं, भाकर निवायली."

मला तेवढं पुरतं. लेकराच्या गळ्यात मायचा गळा असतोच, तो सोडवून घ्यायचा फक्त. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जवळ गेलं, तिसऱ्यांदा लागलं. करिष्मा आधी रडली, मग हसली, मग पुन्हा मार म्हणाली. मग बाकीच्यांनाही राहवेना. आरोहीची माय, सत्यमची माय, एकेक करून सगळ्यांच्या. शेवटी पोरं माझ्या अंगावर येऊन बसली होती, आणि मी एवढ्या बायकांच्या आवाजात त्यांना जेवायला बोलावत होतो. माझेही डोळे भरले. स्वतःवर फार खूश आहे आज. हे लिहितानासुद्धा हसतोय.

८ डिसेंबर, रविवार

रविवारी आयांचे फोन येतात. सरांच्या मोबाइलचा स्पीकर लावून पोरं ओळीने बोलतात. आज करिष्मा रांगेत उभीच राहिली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, कशाला, माय सकाळी आलती की. कुठे? तिने पडक्या भिंतीकडे बोट केलं. आरोहीही म्हणाली की तिचीही आलती, ज्वारीतून हाक मारली, पण दिसली नाही.

मला वाटलं, माझ्या खेळाचा नवा खेळ केला पोरांनी. खोटं कशाला, बरंही वाटलं.

फोन मात्र विचित्र झाले. एकाही बाईला बोलता येईना. नुसती खरखर. नवरे सांगत होते की शुक्रवारपासून बसलाय घसा, फडातल्या धुळीने असेल. सगळ्यांचा? एकाच दिवशी? सर म्हणाले, साथ असेल. मीही मान डोलावली.

१० डिसेंबर, मंगळवार

आज पहाट फटफटताना भिंतीपाशी तोंड धुवत होतो. ज्वारीतून हाक आली. चिंगे, ये गं. मी केली होती अगदी तशी. तिसऱ्यांदा जशी लागली होती तशी, माझ्या चुकीसकट. शेवटचं अक्षर मी जरा लांबवतो, ती माझी खोड आहे. तिथे कुणीही नव्हतं.

बायनाबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. शुक्रवारी काय केलं ते त्यांनी खोदून विचारलं, आणि मग मला गावाबाहेर मरीआईच्या कट्ट्यावर नेलं. कट्ट्याच्या खोबणीत बोळकी मांडलेली, प्रत्येकाच्या तोंडाला लुगड्याची चिंधी. तोडीला निघताना प्रत्येक माय आपल्या लेकराची हाक एकदाच त्या बोळक्यात मारते आणि तोंड बांधते. परत आली की सोडते. तोवर ती हाक गावात कुणी उच्चारायची नाही, पोरांनीसुद्धा नाही. म्हणून पोरं गप्प झाली होती, आणि मी त्याला लाज समजलो. सर बाहेरगावचे, त्यांना पत्ताच नाही.

सगळ्या चिंध्या सुटून खाली पडल्या होत्या.

बायनाबाई म्हणाल्या, "मायची हाक मोकळी ऱ्हायली की तिला गिऱ्हाईक हाय या रानात. तुमी लई वंगाळ केलं, काका."

मी चिडलो. शिकल्यासवरल्या माणसाला काय सांगता म्हणालो. आता बसून लिहितोय तर राग कुठे गेला कळत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आरोही गेली.

दुपारची सुट्टी होती, लख्ख ऊन. मी पोरांना चित्रं काढायला बसवलं होतं. ज्वारीतून तिच्या मायची हाक आली, सगळ्यांनी ऐकली, सरांनीही. ती उठली आणि दप्तर घ्यायला जावं तशी चालत गेली. मी धावलो. भिंतीपासून चार पावलांवर तिची वेणी दिसत होती. मी हात घातला तो धाटांवर पडला.

गावातले म्हातारे आले, सिरसाळ्याहून पोलीस आले. संध्याकाळपर्यंत सगळं रान पिंजून काढलं. एक चप्पलही मिळाली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आरोहीचे आईबाप कारखान्यावरून जीप करून आले. बाई शाळेच्या अंगणात बसून रडत होती आणि तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. नुसतं तोंड उघडं. तेवढ्यात पलीकडच्या रानातून तिच्याच आवाजात हाक आली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नसेल, पण तिने माझ्याकडेच पाहिलं.

पोलिसांनी मला गाव सोडू नको म्हणून सांगितलंय. नसतं सांगितलं तरी मी कुठे जाणार होतो? हे माझं काम आहे. मीच केलंय.

१४ डिसेंबर, शनिवार

बायनाबाईंच्या पाया पडलो. उपाय विचारला. त्या म्हणाल्या, "ज्यानं सोडली त्यानंच बांदायची. पण फुकट न्हाई व्हत ते." म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. आजवर मायशिवाय कुणी सोडलीच नव्हती.

आज कट्ट्यावर बसून सत्यमच्या मायची हाक बोळक्यात मारली. बायनाबाईंनी चिंधी बांधली. संध्याकाळी ज्वारीतून सगळ्या हाका आल्या, ती एक आली नाही. जमतंय! जमतंय हे.

रात्री आवंढा गिळताना घशात कुसळ अडकल्यासारखं झालं.

१६ डिसेंबर, सोमवार

निम्म्याहून जास्त बांधल्या. प्रत्येक बोळक्यामागे माझा गळा थोडा जातोय. काल खालचे सूर गेले, आज वरचे. चौदा वर्षं ज्याच्यावर जगलो ते एकेक घोट कमी होतंय. घरी बायकोला फोन केला. तिने ओळखलं नाही, राँग नंबर म्हणून ठेवला.

सरांनी पोरांना एका खोलीत घेतलंय. वसतिगृह हलवायला परवानगी मागितलीय. उत्तर नाही.

पोरं दाराच्या फटीतून बाहेर बघत असतात. करिष्मा तर उठतच नाही फटीपासून. तिच्या मायची हाक अजून मोकळी आहे. तीच सगळ्यात पक्की बसली होती माझ्या गळ्यात, म्हणून शेवटाला ठेवली. नीट, ताकदीने करायची म्हणून. चुकलं का माझं?

१८ डिसेंबर, बुधवार

सगळ्या बांधल्या. करिष्माची राहिली.

बोळकं तोंडाला लावलं आणि वारा निघाला नुसता. पुन्हा. पुन्हा. गरम पाणी, हळद, मध, काही केल्या आवाज फुटेना. बायनाबाईंनी बोळकं माझ्या हातातून काढून घेतलं.

करिष्मा आली, मांडीवर बसली. काका, मायची हाक मार ना, म्हणाली. मी तोंड उघडलं. तिला वाटलं मी चिडवतोय. पाटीवर लिहून दाखवलं की माय तिकडे नाही, जाऊ नको. ती पाटीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून दोन-चारच अक्षरं येतात.

१९ डिसेंबर, गुरुवार

करिष्माच्या मायची हाक मोकळी असूनही आज आली नाही. सकाळपासून शांत.

दुपारी ज्वारीतून कुणीतरी हसलं. पुरुषाचं हसणं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माझं हसणं होतं ते. बायका गप्प झाल्या तर आता — माझा गळा कुणी बांधला नव्हता. तो कुठे गेला असेल, याचा विचारच केला नाही मी.

पोरं म्हणतात काका बाहेर आहे. मी त्यांच्यात बसलोय आणि पोरं म्हणतात —

२० डिसेंबर

सर जीप आणायला सिरसाळ्याला गेलेत. सगळ्यांना घेऊन निघायचं. जीप येईपर्यंत सांभाळायचं, एवढंच. दाराला कडी आहे पण खिळखिळी. बायनाबाई दाराशी. मी खिडकीशी.

पोरं जेवतायत. अजून काही नाही.

—

आला. भिंतीपाशीच आहे. या रे सगळे, आज खेळ रानात आहे. आवाज माझाच, चांगला होता तेव्हाचा. मी कधी एवढ्या मायेने बोललो होतो का —

ताटं टाकून उठली. मी पाय आपटतोय, टाळ्या वाजवतोय, हात जोडतोय. हसतायत. नक्कल वाटतेय त्यांना —

मोठी पोरं वाचतील. पान भरून लिहितो. वर धरतो.

तो मी नाही
काका इथे आहे
बाहेर जाऊ नका

सत्यमने वाचलं. थांबला. दोघांना धरलंय त्याने. वाच, मोठ्याने वाच रे, सगळ्यांना —

कडी गेली. बायनाबाई पडल्या. करिष्मा त्यांच्या अंगावरून —

हसतेय. पहिल्यांदाच अशी हसतेय —

मी जातो मागे. वही घेऊन. तिला दाखवायला

करिष्मा थांब
करिष्मा इकडे बघ, बाळा, काका हा, हा इथे, मागे बघ, एकदा मागे