अठरा नकोत

बोलोन्या, बुधवार

प्रिय साव्हेरिओ,

आम्ही दोघी सुखरूप आहोत आणि लोरेदाना पोटभर जेवते आहे. आता खाली बस आणि शांतपणे वाच.

आज तिची शेवटची तोंडी परीक्षा झाली. "आई, तू बाहेरच थांब," असं तिने बजावलं होतं. पण इथे तोंडी परीक्षेचं दार सगळ्यांना उघडं असतं, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या दोन प्रश्नांना पोरगी नेहमीसारखीच पुटपुटली. प्राध्यापक म्हणाले, "तिसांपैकी अठरा देतो. घेता का?"

तुला ठाऊकच आहे, सगळं येत असून इतकी वर्षं ती हेच काठावरचे अठरा घेऊन पळत आली. नाकारले तर परीक्षा थेट शरदात, आणि एकदा घरी आलेली ही परत येईल याची खात्री कोणी द्यावी?

"नाही घेत," लोरेदाना म्हणाली. "मला याहून जास्त येतं. आणखी विचारा."

"मग अठराही जातील हं, बाई."

"जाऊ देत."

त्यांनी विचारलं, आणि साव्हेरिओ, ती बोलली! कमानीच्या पुलाचा भार कुठून कुठे जातो, ते फळ्यावर काढून दाखवलं. त्यांना मध्ये तोंड उघडू दिलं नाही.

"अठ्ठावीस. आता तरी घेता?"

ती विचारात पडली! मी मागून ओरडले, "अगं घे, बये!" सगळा वर्ग हसला. तिने घेतले.

बाहेर आल्यावर माझ्यावर उखडली, "तू गप्प बसली असतीस तर तीस काढले असते!" खोलीवर येईपर्यंत ती बोलतच होती.

तू गुडघा शेकतोस ना?

तुझीच,
एर्सिलिया